बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमान थांबलेलं आणि डॉक्टर दाजींच्या छातीवर सोनो फिरवत बसलेले. खरंच गरज होती का?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी निपाणी भागातला, ऊस-तंबाखू करणारा माणूस. वैद्यकीय काही कळत नाही, म्हणून इथं विचारतोय. कुणावर खापर फोडायचं नाही, पण घरात या विषयावरून अजून धुसफूस चालू आहे.

गेल्या गळीत हंगामात माझ्या दाजींना अपघात झाला. रात्री साडेआठच्या सुमाराला संकेश्वरकडून येताना उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या अंगावर मोटरसायकल गेली. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आमच्याकडं यात नवं काही नाही. डोक्याला मार, उजव्या बाजूच्या चार फासळ्या, मांडीचं हाड. आधी जवळच्या एका दवाखान्यात, तिथनं रात्रीच बेळगावला एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथं पोटाची सोनोग्राफी केली, "नॉर्मल" म्हणाले. छातीचा एक्स-रे काढला, फासळ्या सोडल्या तर "ठीक" म्हणाले. डोक्याच्या सीटीत सूज होती. इथंच ठेवा, आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. पण भाचा बेंगळुरूला, त्याच्या कंपनीचा विमा, आणि त्याचा एकच धोशा: इकडं आणा. तिसऱ्या दिवशी विमान ठरलं. त्या दिवशी सकाळी दाजी जास्तच गुंगीत जायला लागले, म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं.

विमानाबरोबर एक तरुण डॉक्टर आणि एक ब्रदर आले. विमान सांबऱ्याला, ही दोघं ॲम्ब्युलन्सनं वॉर्डात. कागद बघितले आणि बॅगेतनं दाढीच्या मशीनएवढं काहीतरी काढलं, वायर मोबाइलला जोडली, जेल लावून दाजींच्या छातीवर फिरवायला लागले. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. मग म्हणाले, उजव्या बाजूला फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय, नळी टाकल्याशिवाय मी पेशंट विमानात घेणार नाही. वॉर्डातले म्हणाले, एक्स-रेत नव्हती. झाला वाद. अक्का बाहेर रडतेय, भाचा फोनवर ओरडतोय, पायलटचे फोन वेगळेच. शेवटी छातीत नळी टाकली. दीड तास गेला, हॉस्पिटलचं बिल वाढलं आणि विमान थांबल्याचा आकार वेगळा लागला.

दाजी आता बरे आहेत. काठी घेऊन बांधापर्यंत जातात. पण भाचा म्हणतो हा पैसे काढायचा धंदा, आणि अक्का म्हणते त्या पोरानंच वाचवलं.

मला एवढंच कळत नाही, मोठ्या मशीनवर दोन दिवस आधी नॉर्मल आलेलं या खिशातल्या मशीनला कसं दिसलं? आणि विमानात बसल्यावर लागलीच गरज तर तिथं नळी टाकता आली नसती काय?

जांबोटीची सिस्टर

दादा, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, केला, आयसीयूत राबले, मग सात वर्षं बेंगळुरूहून एअर ॲम्ब्युलन्सवर फ्लाइट नर्स होते. कंबर गेली तशी जमिनीवर आले. सांबऱ्याला कितीदा उतरले असेन, मोजलं नाही. उतरल्यावर आईला फोन करायची, "गावात आलेय, पण घरी येत नाही" म्हणून.

आधी सोनोग्राफीचं. दाजींची बेळगावात झाली ती पोटाची. तिच्यात यकृत, प्लीहा, मूत्राशय यांच्याभोवती रक्त साठलंय का ते बघतात. त्या रिपोर्टातला "नॉर्मल" पोटाबद्दल आहे, फुफ्फुसाबद्दल त्यात अवाक्षर नसणार. काढून बघा.

एक्स-रेचं असं. तेलाची बाटली उभी धरा, आतली रिकामी जागा वर गळ्याशी गोळा झालेली दिसते. तीच बाटली आडवी करा, हवा पातळ थर होऊन लांबवर पसरते. अपघाताचा पेशंट उताणा झोपलेला असतो. फासळीनं टोचून फुफ्फुसातनं थोडी हवा बाहेर आली तर ती छातीच्या पुढच्या अंगाला पसरते, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत असा पातळ थर सहज निसटतो. त्यात तुमचा एक्स-रे पहिल्या रात्रीचा. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हेंटिलेटर लागला. आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा ओढून घेते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. बारीक छिद्र असलं तरी प्रत्येक श्वासाला थोडी थोडी बाहेर जात राहते. म्हणजे पहिल्या रात्रीचा एक्स-रे चुकीचा होता असं नाही, तो शिळा झाला होता.

आता त्या दाढीच्या मशीननं काय बघतात. दोन फासळ्यांच्या मधे प्रोब, म्हणजे मशीनचा छातीवर टेकवायचा भाग, धरला की खाली एक पांढरी चकचकीत रेघ दिसते. फुफ्फुसाचं आवरण आणि छातीचं आतलं अस्तर तिथं एकमेकांना चिकटून असतात. श्वास घेतला की ती रेघ सरकते, दुधाचं पातेलं हलवल्यावर साय सरकते तशी. मधे हवा शिरली की रेघ दिसते, पण मेल्यासारखी पडून राहते. म्हणून डावी, उजवी, परत डावी. चांगल्या बाजूशी ताडून बघत होते ते. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतं. तुमचा वेळ सोनोनं घेतला नाही, वादानं आणि नळीनं घेतला.

तुमचा दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. विमानात का नाही?

आमचं विमान किंग एअर होतं, छोटंसं. स्ट्रेचर उजव्या भिंतीला लागून. पेशंट पट्ट्यांनी बांधलेला, डोक्याशी व्हेंटिलेटर, पायाशी सिलिंडर, आणि आम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन डाव्या बाजूला. दाजींची नळी उजव्या कुशीत, काखेच्या जरा खाली टाकायची होती. तिकडं भिंत! हात जायला जागा नाही. मोठी सुई खुपसून तात्पुरती हवा काढता येते, पण ती सुई वाकते, चोंदते, आणि बाहेर ढगांत धक्के बसत असताना ती धरून बसणं काय असतं ते मला विचारा. स्टेथोस्कोपचा तर उपयोगच नाही, इंजिनाच्या घरघरीत स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

आणि वर गेलं की हवा फुगते. बाहेरचा दाब कमी झाला की कोंडलेली हवा पसरते, शाळेत शिकलोय आपण सगळे. चिप्सचं पाकीट विमानात टम्म होतं ते त्यानंच. विमान कितीही उंच असलं तरी केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवतात. सांबरा मुळातच अडीच हजार फुटांवर आहे. म्हणजे बेळगावात १०० मिली असलेली हवा वर गेल्यावर १२५च्या आसपास. गोव्यातनं, दाबोळीहून उडालं असतं तर तीच १३५च्या घरात गेली असती, कारण तिकडं समुद्रसपाटीपासून सुरुवात. पाव भाग ऐकायला फार वाटत नाही. पण तो व्हेंटिलेटरनं ढकललेल्या हवेच्या वर, आणि ती हवा हृदयाला दाबायला लागली की बीपी पाच मिनिटांत पडतं. पायलटला सांगून केबिनचा दाब जमिनीजवळचा ठेवता येतो, पण मग विमान खालून न्यावं लागतं, इंधन जास्त जातं, धक्के जास्त बसतात. आधी जमिनीवर निकाल लावलेला बरा. आम्ही तर घशातल्या नळीचा फुगासुद्धा वर गेल्यावर परत तपासायचो, कारण त्यातली हवाही फुगते.

आता मशीनचं फार कौतुक नको म्हणून एक सांगते. बागलकोटकडचे एक आजोबा होते. न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, हैदराबादला न्यायचे होते. डावीकडची रेघ हलेना. आमचे डॉक्टर नवे, लगेच म्हणाले हवा आहे, नळी टाकू. आजोबांच्या सुनेनं सहज म्हटलं, "मामांना तरुणपणी टीबी झाला होता, डाव्या बाजूला पाणी काढलं होतं." टीबीनंतर आवरणं कधी कधी कायमची चिकटून जातात. मग रेघ हलत नाही, आणि हवाही नसते. डॉक्टरांनी परत प्रोब ठेवला आणि नीट बघितलं. श्वासाबरोबर हलत नव्हती, पण हृदयाच्या ठोक्याबरोबर ती रेघ बारीक थरथरत होती. मधे हवा असती तर ती थरथर पोचलीच नसती. नळी टाकली नाही. टाकली असती तर चिकटलेल्या फुफ्फुसात घुसली असती. आपल्याकडं टीबी घरोघरी होऊन गेलेला, तेव्हा हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे मी त्या सुनेकडनं शिकले.

प्रत्यक्ष हवेत सोनो फार वेळा बाहेर निघत नाही. बीपी अचानक पडलं तर हृदय हलतंय का, त्याच्याभोवती पाणी साठलंय का, घशातली नळी सरकून एकाच फुफ्फुसात गेलीय का, एवढंच बघतात. बाकी सगळं काम दार लावायच्या आधीचं.

बिलाबद्दल मी गप्प बसते. त्या धंद्यात मीही पगार घेतलाय. पण एक बोलते, राग मानू नका. बेळगावचे डॉक्टर ठेवा म्हणत होते तर ठेवायला हरकत नव्हती. विमानात उपचार कमी आणि प्रवासच जास्त असतो.

सांबरा_रोड

सिस्टरनी चांगलं सांगितलं, पण सगळीच पोरं तशी असतात काय? माझ्या वडिलांना नेलं तेव्हा टीममधल्या डॉक्टरनं मशीन बॅगेतनं काढलंच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "चार्ज नाही." आता बोला. मशीन आहे म्हणून जाहिरात करायची आणि ते चार्ज नाही. वडील नीट पोचले, नशीब.

वेदगंगाकाठ

सिस्टर, मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला. खरंच फक्त पोटाचा आहे, वर तसं लिहिलंय पण. आम्ही कुणी वाचलंच नव्हतं.

मग आता उलटा प्रश्न पडतो. एवढं छोटं मशीन आहे, मोबाइलला लागतं, तर आमच्या पहिल्या दवाखान्यात का नव्हतं? १०८ मध्ये का नाही? पहिल्याच तासात बघितलं असतं तर?

चिकोडी_ओपीडी

याचं उत्तर अर्धं कायद्यात आहे. मी या भागात तालुक्याच्या ठिकाणी सर्जरी करतो.

आपल्या देशात सोनोग्राफीचं मशीन स्टेथोस्कोपसारखं विकत घेऊन खिशात ठेवता येत नाही. १९९४चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. प्रत्येक मशीन ठरावीक जागेवर, ठरावीक डॉक्टरांच्या नावानं नोंदवावं लागतं. पोर्टेबल मशीनसाठी २०१२मध्ये वेगळा नियम आला: एक तर नोंदणी असलेल्या हॉस्पिटलच्या आत, तिथं दाखल असलेल्या पेशंटसाठी वापरा, नाहीतर इतर उपचारही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय युनिटचा भाग म्हणून. छातीवर ठेवलेला प्रोब पोटावरही ठेवता येतो, आणि कायद्याला भीती त्याची आहे.

ही भीती खोटी नाही, हेही सांगतो. पलीकडं महाराष्ट्रानं १९८८मध्येच, देशात सगळ्यात आधी, असा कायदा केला. कोल्हापूर जिल्ह्यात तर सोनोग्राफी मशीनवर "सायलेंट ऑब्झर्व्हर" नावाची, केलेल्या तपासण्यांची नोंद ठेवणारी यंत्रं बसवली होती. मुली कमी झाल्या होत्या म्हणूनच हे करावं लागलं, आणि त्यात आमच्या पेशातल्या लोकांचा हात होता.

पण त्याचा परिणाम असा की छोट्या दवाखान्याचा डॉक्टर म्हणतो, नको ती कटकट. रजिस्टर, तपासणी, एखादा कागद चुकला की मशीन सील. आणि आपला भाग पडला सीमेवर. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला नाहीतर चोर्ला घाटानं गोव्याला. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, समुचित प्राधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नोंदणी बघणारा अधिकारी, बदलतो. इकडं नोंदलेलं मशीन ॲम्ब्युलन्समध्ये टाकून पलीकडं न्यायचं धाडस कोण करणार? पेशंटच्या फासळ्यांना हद्द कुठली ते ठाऊक नसतं, मशीनला मात्र असते.

पहिल्या तासाचं म्हणाल तर उपयोग नक्की आहे. जर्मनीत हेलिकॉप्टर आणि ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टरांनी अपघाताच्या जागीच पोटाची सोनो करून बघितली, तो अभ्यास २००६मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आला होता. हॉस्पिटलातल्या तपासणीपेक्षा सरासरी ३५ मिनिटं आधी उत्तर मिळालं, ३० टक्के पेशंटांच्या उपचारात बदल झाला, आणि २२ टक्क्यांच्या बाबतीत कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं तेच बदललं. माझ्या मते आपल्यासाठी हा शेवटचा आकडा मोठा आहे. पोटात रक्त आहे हे संकेश्वरलाच कळलं, तर सर्जन आणि रक्तपेढी दोन्ही जिथं आहे तिथं थेट जाता येईल, मधले दोन दवाखाने वाचतील.

मात्र तिकडं गाडीवर डॉक्टर असतो. आपल्या कर्नाटकातल्या १०८ मध्ये सहसा नसतो. आणि सिस्टर म्हणाल्या त्याला माझी पुस्ती: "दिसलं" या उत्तरावर विश्वास ठेवा, "दिसलं नाही" यावर ठेवू नका. पोटात पाव लिटरच्या आत रक्त असेल तर सोनोत ते निसटू शकतं. पाठीकडच्या भागात, मूत्रपिंडामागं साठलेलं रक्त तर बऱ्याचदा दिसतच नाही, आतडं फाटलेलं कळत नाही. सोनो साफ म्हणून पेशंटला घरी पाठवलं आणि रात्री तो परत आला, हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय. तेव्हापासून मी सहा तासांनी परत प्रोब ठेवतो, नातेवाईक कितीही कुरकुरले तरी.

सांबरा_रोड यांना: चार्ज नसलेलं मशीन म्हणजे मशीन नसणंच. पेशंट नेण्याआधी नातेवाइकांनी सरळ विचारावं, सोनो आहे का, कोण करणार, आणि इथं बेडजवळ करणार का. विचारलं की चार्ज होतं.

जांबोटीची सिस्टर

डॉक्टरसाहेब, "विचारलं की चार्ज होतं" हे मी आमच्या जुन्या ग्रुपवर टाकतेय.

दादा, एक सुचवते. ती छोटी मशीनं बघितलेलं साठवून ठेवतात, दोन-पाच सेकंदांची क्लिप. एअर ॲम्ब्युलन्सवाल्यांना ईमेल करून पेशंटच्या नावानं मागून घ्या. भाच्यालाच मागायला लावा, विम्याच्या कामाला पण लागेल.

वेदगंगाकाठ

उशिरा लिहितोय, लावणीची गडबड होती. भाच्यानं ईमेल केला, आठ दिवसांनी दोन क्लिपा आल्या. काळ्या-करड्यात काहीतरी हलतंय. काय बघायचं?

जांबोटीची सिस्टर

दोन्ही एकापाठोपाठ लावा. वर दोन्ही कडांना काळ्या सावल्या पडलेल्या दिसतील, त्या फासळ्या. त्यांच्या मधोमध, थोडं खाली, आडवी पांढरी रेघ. बाकी कुठं बघू नका. एका क्लिपमध्ये ती डावी-उजवी सरकेल, तिच्याखाली वाळू सळसळल्यासारखी दिसेल. दुसरीत रेघ तशीच, पण गप्प. ती उजवी बाजू.

वेदगंगाकाठ

दिसली. अक्काला पण दाखवली. ती म्हणते, "एवढ्याशा रेघेवरनं कळलं होय त्या पोराला? मला तर दोन्हीकडं टीव्ही बिघडल्यासारखाच दिसतोय." भाच्यानं तीन वेळा बघितली. काही बोलला नाही, पण घरच्या ग्रुपवरचा तो बिलाचा फोटो त्यानं काढून टाकलाय.